प्रुइटच्या नावाची बाटली

एक

शुक्रवारी सकाळी अल्डर फॉल्सच्या वाचनालयात लहान मुलांच्या गोष्टींचा तास रंगात आला होता. गोष्टीतलं अस्वल मधाच्या पोळ्यापाशी पोचलं, तेवढ्यात चार वर्षांच्या पॉपीनं बसायच्या गाद्यांच्या फटीत हात घातला आणि औषधाची एक नारिंगी बाटली बाहेर काढली. कानाशी नेऊन तिनं ती खुळखुळ वाजवली, आवाज आवडला, म्हणून धावत जाऊन आजोबांच्या मांडीवर ठेवली. आजोबांनी चष्मा लावला. लेबलवर नाव होतं वेंडेल प्रुइट, तारीख आदल्या दिवसाची, गोळ्या एका दिवसाच्या, चौदा. चौदाच्या चौदा आत होत्या.

आजोबा म्हणजे रॉस टेनंट. हार्डवेअरचं दुकान, नगरपालिकेत तिसरी खेप, आणि गावातल्या व्यसनी लोकांना सरकारी खर्चानं भेसळ नसलेल्या गोळ्या देणारं क्लिनिक बंद करा, म्हणून पाच वर्षं कंठशोष करणारा माणूस. क्लिनिक नगरपालिकेच्या जागेत होतं. त्या जागेचा करार वाढवायचा की नाही, यावर सोमवारी दुपारी चार वाजता मतदान होतं.

बारा वाजेपर्यंत बाटलीचा फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. एक वाजता क्लिनिकच्या डॉक्टरनं नियमावर बोट ठेवलं. आपली बाटली दुसऱ्याच्या हाती सापडली की गोळ्या बंद, आणि वेंडेलच्या गोळ्या बंद झाल्या. तीन वाजता रॉसनं इंग्रिड हालवोर्सनला फोन लावला.

हे क्लिनिक उभं केलं ते इंग्रिडनं. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली, तरी नदीकाठच्या तंबूंपासून महापौरांपर्यंत सगळे तिला अजून सिस्टरच म्हणत.

"माझ्या नातीच्या हातात आली गं ती बाटली," रॉस म्हणाला. दोघं एका शाळेतले. "नशीब, झाकण उघडलं नाही."

"तुला तर लॉटरीच लागली की."

"हेच म्हणणार सगळे. टेनंटनंच ठेवली म्हणतील. म्हणून तू शोध काढ. इंग्रिड खोटं बोलत नाही, एवढं माझ्या बाजूची माणसंही मानतात."

फोन ठेवल्यावर इंग्रिडच्या मनात पहिला विचार आला तो असा: वेंडेल, गाढवा, सोमवारपर्यंत तरी कळ काढायची होतीस. त्यानं गोळ्या विकल्या असतील का, असा प्रश्नसुद्धा तिला पडला नाही. विकल्याच असणार, हे धरूनच ती कोट घालून बाहेर पडली. पुढे कितीतरी दिवस या एका विचाराची तिला लाज वाटत राहिली.

दोन

क्लिनिकपासून नदीपर्यंतची वाट म्हणजे दहा मिनिटांचा चिखल. बर्फ वितळायला लागलं होतं आणि त्याखालून हिवाळ्याचा सगळा कचरा वर येत होता. त्यात कागदाचे बारीक बारीक कपटे होते, पांढरे, चिकट. इंग्रिड ते तुडवत पुढे गेली.

वेंडेल तंबूबाहेर उलट्या बादलीवर बसला होता. वय अठ्ठावन्न. गिरणीत लाकूड कापणारा होता, तोवर एके दिवशी करवतीनं उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट नेलं. दुखण्यावर डॉक्टरनं गोळ्या दिल्या, गिरणी बंद पडली, गोळ्या बंद झाल्या, आणि मग रस्त्यावर मिळणारी भेसळीची पूड सुरू झाली. क्लिनिकच्या गोळ्यांवर आल्यापासून दोन वर्षं त्यानं पुडीला हात लावला नव्हता. आज मात्र दिवसाच्या गोळ्या चुकल्या होत्या. नाक वाहत होतं आणि गुडघे थांबत नव्हते.

"या सिस्टर. पंचनाम्याला आलात?"

"बाटली तुझी आहे का?"

"नाव माझं आहे ना? मग माझीच असेल."

"कुणाला विकलीस?"

"आठवत नाही."

"वेंडेल, सोमवारी क्लिनिक बंद पडेल. चाळीस जण पुडीवर जातील. त्यातले किती उन्हाळा बघतील, ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे."

त्यानं पाय जवळ ओढले. "म्हणून तर म्हणतोय, माझ्या एकट्याच्या नावावर टाका आणि मोकळ्या व्हा. एक नासका निघाला म्हणा. लोकांना तेवढं पुरतं."

तिनं थर्मासमधली कॉफी पुढे केली. त्यानं झाकणाशी झटापट केली, तळवा दाबून पाहिला, दातानं पाहिलं, शेवटी थर्मास तिच्याकडे परत दिला. "उघडून द्या. हे दाबून फिरवायचं काम आपल्या हातचं नाही."

तिनं उघडून दिलं. तो कपाला हात घालायला पुढे वाकला तेव्हा कळकट कोटाच्या आत पांढरा शर्ट दिसला. बाहीवर इस्त्रीची घडी अजून तशीच होती. तंबूत इस्त्री कुठून येणार? विचारावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हातातल्या थर्मासच्या झाकणाकडे तिचं लक्ष गेलं. तिनं घाईघाईनं फोन काढून तो फोटो मोठा केला, जो सकाळपासून गावानं हजार वेळा पाहिला होता.

बाटलीचं झाकण मुलांना उघडता येऊ नये असलं होतं. वर बाण कोरलेला, दाबा आणि फिरवा.

तीन

शनिवारी सकाळी ती आधी रॉसच्या दुकानात गेली. खरं सांगायचं तर मनातून तिला चोर म्हणून रॉसच हवा होता. तोच निघाला असता तर सगळं किती सोपं झालं असतं.

"कुणाकडून विकत घेऊन तूच ठेवली असशील तर आत्ता सांग," ती म्हणाली.

रॉस चिडला नाही. खिळ्यांच्या खोक्यावर हात टेकून म्हणाला, "माझ्या नातीच्या बुडाखाली ठेवली असती मी?"

"नाही. आणि तुला ती तशी मिळालीही नसती." तिनं खिशातून तो चिखलातला एक कपटा काढून गल्ल्यावर ठेवला. काल नदीवरून परतताना उचलून घेतला होता. "हे बघ. लेबलाचा तुकडा. नदीवरचा माणूस बाटली हातात आली की वीस पावलांच्या आत लेबल फाडतो. नावाची बाटली खिशात म्हणजे गोळ्या लुटायला मागे कुणीतरी चाकू घेऊन आलाच. विकायची असेल तर बघायलाच नको. या बाटलीचं लेबल कोरं करकरीत आहे. ती रस्त्यावर कधी गेलीच नाही."

"मग?"

"आणि झाकण असं आहे, की वेंडेलला ते जन्मात उघडणार नाही. ती त्याच्या हातात पडलीच नव्हती रॉस."

रॉसनं कपटा उचलून पाहिला. "काल दुपारपासून मी त्याला फोनवर, दुकानात, जिथं जाईन तिथं नावानिशी शिव्या घालतोय," तो म्हणाला. तो हे एवढ्या हळू म्हणाला की इंग्रिडला बरं वाटायला हवं होतं. पण तिचाही पहिला विचार तोच होता, म्हणून तिला बरं वाटलं नाही.

तिथून ती औषधाच्या दुकानात गेली. नवदीप गिल काउंटरमागे गोळ्या मोजत होता. क्लिनिकच्या चाळीसही जणांच्या बाटल्या तोच भरायचा.

"वेंडेलला तू कसलं झाकण देतोस?"

"साधं. दोन वर्षं झाली. त्याच्या हाताला दुसरं जमत नाही."

"मग हे?" तिनं फोटो दाखवला.

गिलनं फोटोकडे पाहिलंच नाही. त्यानं तो आधी पाहिला होता, नीट पाहिला होता, हे तिला तेव्हाच कळलं.

"रुग्ण काउंटरवर स्वतः आला तर मी साधं झाकण लावतो," तो गोळ्यांकडे बघत म्हणाला. "बाटली दुसऱ्या कुणाच्या हातून बाहेर जाणार असेल तर दाबायचं. नियमच आहे."

"पण क्लिनिकच्या हजेरीत लिहिलंय, गुरुवारी सव्वादहाला वेंडेलनं स्वतः नेली. मी काल विचारून घेतलं. मग ती खरं तर कुणाच्या हातून गेली?"

मोजलेल्या गोळ्या गिलनं बाटलीत ओतल्या, झाकण लावलं, मग वर पाहिलं.

"मला विचारू नका सिस्टर," तो म्हणाला. "तुमच्या वेळी तरी मी कुठं काही विचारलं होतं?"

चार

इंग्रिड गाडीत जाऊन बसली आणि बराच वेळ किल्ली फिरवायची विसरली.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. क्लिनिकचा नियम होता, महिन्यात तीन खाडे झाले की जागा गेली, पुन्हा रांगेच्या शेवटी. रोवीना नावाची एक बाई होती. बर्फानं पूल बंद पडला आणि तिचा तिसरा खाडा झाला. इंग्रिडनं नियमाप्रमाणे नाव कापलं. चार दिवसांनी रोवीना बसस्टॉपवर मेलेली सापडली, हातात पुडीचा कागद. त्यानंतर कुणी आलं नाही, तर इंग्रिड हजेरीत "आला" असं लिहायची, सही स्वतः करायची, गिलकडून बाटली घ्यायची आणि गावभर फिरून त्या माणसाला शोधून द्यायची. संध्याकाळपर्यंत सापडला नाही तर बाटली गिलला परत. कुणी मेलं नाही. कुणाला कळलं नाही. आणि निवृत्त होताना तिनं ही पद्धत नव्या नर्सला, टेसला, शिकवली, अगदी कौतुकानं, आजीनं लोणच्याचं प्रमाण सांगावं तशी.

तरीही खात्री हवी होती. ती पुन्हा नदीवर गेली.

"गुरुवारी तू गावात नव्हतास," ती वेंडेलला म्हणाली. "शर्टाला इस्त्री कुणी केली?"

त्याला गुरुवारपासून गोळ्या मिळाल्या नव्हत्या, तरी त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. गोळी न मिळालेल्या माणसाच्या बाहुल्या उलट मोठ्या होतात. त्यानं पूड घेतली होती हे तिला दिसलं, आणि तिला दिसलं हे त्याला कळलं. त्यानं मान वळवली.

"आमचा जुना फोरमन गेला. केस्टन गावात मयत होतं," तो तिकडे बघतच म्हणाला. "बुधवारी हजेरी लावून गेलो, गुरुवारी रात्रीच्या बसनं आलो. लायलकडे राहिलो, माझा भाऊ. त्याला वाटतं मी वर डोंगरात लाकडाच्या कॅम्पात कामाला आहे. त्याला फोन करायचा नाही सिस्टर. शप्पत घ्या."

"आणि टेसला सांगायचं होतंस ना जाण्याआधी."

"तिसरा खाडा होता. सांगितलं तर तिला लिहावं लागलं असतं. न सांगता गेलो तर ती..." तो थांबला. "ती पोरगी मला मिस्टर प्रुइट म्हणते. तिचं नाव माझ्या तोंडून येणार नाही."

"फोन नाही करत," इंग्रिड म्हणाली. गाडीत बसल्यावर तिनं लायल प्रुइटला फोन केला. सभेत पुरावा लागणार, असं तिनं स्वतःला समजावलं. लायलनं सगळं ऐकून घेतलं, हो, बुधवारी रात्री इथंच होता म्हणाला, आणि क्लिनिक नेमकं कुठं आहे ते विचारलं.

टेस ओलिव्हेरा क्लिनिकमध्ये एकटीच बसली होती. इंग्रिडला दारात पाहताच ती उभी राहिली, आणि पुढे काही विचारायची गरजच उरली नाही.

"वाचनालयात मिस्टर प्रुइटना शोधायला गेले होते मी," ती रडत रडत सांगू लागली. "थंडीत ते तिथंच हीटरजवळ बसतात. मुलांच्या कोपऱ्यातून दार दिसतं, म्हणून मी बूट काढून गादीवर बसले, कोट शेजारी ठेवला. तासभर वाट पाहिली. संध्याकाळी खिशात बाटली नव्हती. गाडीत पडली असेल म्हटलं. शुक्रवारी फोटो पाहिला आणि... इंग्रिड, माझं लायसन्स जाईल. मला वाटलं, सोमवारचं मतदान होऊ दे, मग सांगते."

"तोपर्यंत वेंडेल?"

"मला ठाऊक आहे," टेस म्हणाली. "दर तासाला ठाऊक आहे. पण तुम्हीच शिकवलंत ना मला हे?"

इंग्रिडनं खुर्ची ओढली आणि बसली. समोर भिंतीवर तिचाच फोटो होता, नगरपालिकेत भाषण करतानाचा. त्याखाली तिचं ते प्रसिद्ध वाक्य छापलं होतं: शंभरातले एक्क्याण्णव जण रोज न चुकता येतात. तीन वर्षांपूर्वी, मागच्या वेळी करार वाढवायचा होता तेव्हा, याच आकड्यावर तिनं गाव जिंकलं होतं. तेव्हा विरोधातला रॉससुद्धा गप्प बसला होता.

आकडा हजेरीवरून काढलेला होता.

पाच

सोमवारी चार वाजता सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. एका बाजूला मुलांचे फोटो घेतलेल्या आया, ज्यांची मुलं पुडीनं गेली होती. दुसऱ्या बाजूलाही मुलांचे फोटो घेतलेल्या आया, ज्यांना क्लिनिक नको होतं आणि ज्यांची तान्ही मुलं शेजारी बाबागाडीत होती. इंग्रिडला दोन्हीकडे बघवेना.

ती माईकपाशी गेली. झाकण, लेबल, गिलचा नियम, एकेक करत तिनं सगळं मांडलं. बाटली वेंडेलच्या हाती कधी पडलीच नाही, हे लोकांच्या लक्षात आलं तशी कुजबुज वाढत गेली.

"मग हजेरीवर सही कुणाची?" रॉसनं व्यासपीठावरून विचारलं.

इथं थांबता आलं असतं. एका नर्सची चूक झाली, एवढं म्हटलं असतं तर गावानं टेसला सोलून काढलं असतं, क्लिनिक कदाचित वाचलं असतं आणि इंग्रिडचं नाव राहिलं असतं. रात्रभर तिनं हेच वाक्य मनात घोळवलं होतं, आणि ते किती सहज जमतंय हे पाहून तिला स्वतःची किळस आली होती.

"या वेळची सही टेसची," ती म्हणाली. "पण पद्धत माझी. चार वर्षं मी न आलेल्या माणसांपुढे आला असं लिहिलं. टेसला मीच शिकवलं."



"किती वेळा?" रॉसनं विचारलं. त्याच्या आवाजात विजय नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

"मोजलं नाही."

"म्हणजे ते एक्क्याण्णव..."

"खोटं असेल. किती खोटं, ते मलाही सांगता येणार नाही."

"अगं, पण मी त्या आकड्यावर मत फिरवलं होतं," रॉस म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी. कुणाला सांगितलं नाही, पण मी तुमच्या बाजूनं मत दिलं होतं इंग्रिड. गुप्त मतदान होतं ते."

मागून कुणीतरी ओरडलं, "शेवटी सगळे सारखेच!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पुडीनं मुलं गेलेल्या आयांपैकी एक उठून बाहेर गेली आणि जाताना इंग्रिडकडे एकदासुद्धा वळली नाही. तीन विरुद्ध चार मतांनी करार संपला. क्लिनिकला नव्वद दिवसांची मुदत मिळाली. टेसची चौकशी लागली. वेंडेलच्या गोळ्या त्याच संध्याकाळपासून सुरू करा, असं डॉक्टरनं लिहून दिलं.

सहा

बातमी सांगायला ती नदीवर गेली तेव्हा पाच वाजून गेले होते, तरी मार्चचं ऊन अजून पाण्यावर होतं. वेंडेल तंबूत पडून होता. तिनं बाहेरूनच सगळं सांगितलं.

"टेसची नोकरी?" आतून आवाज आला.

"बहुतेक गेली."

"आणि मला नव्वद दिवस."

"हो."

"मी मागितलं होतं का सिस्टर?" तो चिडलेला नव्हता, दमलेला होता. "माझं नाव खराबच होतं. आणखी थोडं झालं असतं. तुम्ही माझं नाव धुतलंत, आणि त्यात बाकी सगळं वाहून गेलं."

तेवढ्यात वाटेवर गाडीचं दार वाजलं. जाडजूड, पांढऱ्या दाढीचा एक माणूस चिखलातून जपून पावलं टाकत येत होता. त्याचे खांदे हुबेहूब वेंडेलसारखे होते. तंबूच्या फटीतून वेंडेलनं पाहिलं.

"तुम्ही फोन केलात," तो कुजबुजला. "शप्पत दिली होती तुम्हाला. सांगा त्याला मी इथं नाही. सिस्टर, पाया पडतो, सांगा."

लायल समोर येऊन उभा राहिला. "वेंडेल प्रुइट इथं राहतो का?"

"हो," इंग्रिड म्हणाली. "आत आहे."

लायल उलट्या बादलीवर बसला. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली आणि तंबूच्या कापडाकडे बघत बोलू लागला.

"या बाईंनी सांगायच्या आधीच मला ठाऊक होतं रे. बुधवारी तू कोचावर झोपला होतास तेव्हा तुझे बूट बघितले. आत वर्तमानपत्रं कोंबलेली होती. कॅम्पातला माणूस असे बूट घालत नाही. शर्टाला इस्त्री मीच केली ना तुझ्या? तेव्हा तुझा बिनअंगठ्याचा हातही बघितला. सगळं बघितलं."



"मग विचारलं का नाहीस?" आतून आलं.

लायलनं इंग्रिडकडे पाहिलं. तिनं तिथून निघून जावं, असं त्याला वाटत असावं. तिलाही जायचं होतं, पण ती तिथंच थांबली.

"विचारलं असतं," तो म्हणाला, "तर तुला ठेवून घ्यावं लागलं असतं."